गिटारीची किंमत आणि किमतीची गिटार

मुले बारा-तेरा वर्षांची झाली की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. तबल्याचा क्लास झालेला असतो, पेटी झालेली असते, शाळेच्या बँडमधले क्लॅरिनेट पलंगाखाली गेलेले असते, आणि आता इलेक्ट्रिक गिटार हवी असते. दुकानात एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या दोन गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एकीवर अडीचशे डॉलरची चिठ्ठी, दुसरीवर अठराशेची. लांबून दोघींत फरक दिसत नाही. अठराशेवाली घेतली तर उधळपट्टी केल्यासारखे वाटते आणि अडीचशेवाली घेतली तर मुलाच्या बाबतीत हात आखडल्यासारखे वाटते. या पेचात सापडलेली मंडळी "तुम्ही वाजवता ना, मग सांगा" म्हणून मला विचारतात. फोनवर दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून पुरवणीच्या निमित्ताने ते सविस्तर लिहीत आहे.

आधी माझी बैठक सांगतो. मी पेशाने यंत्रांचा इंजिनिअर, मुक्काम मिशिगन. गिटार गेली पंचवीसेक वर्षे हौसेने वाजवतो. मंडळाच्या गणपतीत साथीला बसण्याइतपत येते, त्यापुढे नाही. माझ्याकडे एकाच घडणीच्या तीन गिटारी आहेत. एक दोनशे डॉलरची, आशियात बनलेली. दुसरी सातशेची. तिसरी अठराशेची, अमेरिकेत बनलेली. तिन्ही बरीच वर्षे वाजवून, खोलून, तारा बदलून आणि थोडेफार सुटे भाग बदलून झाल्या आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण माझ्या हाती आलेल्या एका नगावरून कोणाची जाहिरात किंवा बदनामी करणे बरोबर नाही.

आता वाद्याकडे वळू. आपल्याकडे तंतुवाद्य म्हटले की भोपळा आणि लाकूड आठवते. मिरजेचा कारागीर भोपळा निवडतो, वाळवतो, ठोकून पाहतो, आणि तंबोऱ्याची किंमत पुष्कळशी तिथेच ठरते, कारण नाद त्या पोकळीतून यायचा असतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारीत ही पोकळीच नाही. तारेखाली चुंबक असतो, चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते, आणि अँप्लिफायर ती मोठी करून कर्ण्यातून ऐकवतो. मायकेल फॅरेडेचा नियम आपण शाळेत पाठ केला, तो हाच. म्हणजे वाद्याचा अर्धा भाग मांडीवर आणि अर्धा जमिनीवरच्या खोक्यात असतो. किमतीचा विचार करताना हे दुसरे अर्धे वाद्य बहुतेक पालक विसरतात.

लाकडाला मग काहीच महत्त्व नाही का? थोडे आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढे नाही. याला 'क्वीन' या इंग्लिश बँडच्या ब्रायन मे यांच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही. (याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला.) मे यांनी १९६३च्या सुमारास वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. दांडा जुन्या शेकोटीवरच्या महोगनी फळीचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. हीच गिटार ते पुढे आयुष्यभर जगातल्या मोठमोठ्या मैदानांत वाजवत आले. एडी व्हॅन हॅलेन यांनीही आपली प्रसिद्ध गिटार कारखान्याने बाजूला काढलेल्या मालातून जुळवली होती. एवढे पाहिल्यावर 'निवडक लाकडाचे' म्हणून हजार डॉलर जास्त मागणाऱ्याला मी दोन प्रश्न तरी विचारतोच.

गंमत अशी की भरीव गिटारीचा जन्मच स्वस्ताईतून झाला. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यांनी १९५०च्या सुमारास सपाट फळीची, दांडा चार स्क्रूंनी जोडलेली गिटार बाजारात आणली. तिलाच १९५१पासून टेलिकास्टर म्हणतात. दांडा बिघडला तर स्क्रू काढून दुसरा बसवा, इतका साधा हिशेब. जुन्या वाद्यकारांनी तिला फळकूट म्हणून नाके मुरडली. आमच्या मिशिगनमध्ये कॅलमझूला गिब्सनचा जुना कारखाना होता. त्यांनी १९५२ साली लेस पॉल ही गिटार काढली. महोगनीचे अंग, वर मेपलचा थर आणि दांडा सरसाने चिकटवलेला. आजही दुकानात दिसणाऱ्या बहुतेक गिटारी या दोन घराण्यांतल्या.

पण साधी म्हणजे स्वस्त, असे तेव्हाही नव्हते. १९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. महागाईचा हिशेब केला तर आजचे तीन हजारांच्या घरात जातात. आज बरोबर तेवढ्याच आकड्याला, म्हणजे अडीचशे डॉलरला, तिच्याच घडणीची गिटार नवी मिळते. आकडा सत्तर वर्षांत हलला नाही आणि पैसा मात्र बाराव्या हिश्शावर आला. स्वस्त गिटार इतकी स्वस्त कशी, हा महाग गिटार इतकी महाग का यापेक्षा जास्त मनोरंजक प्रश्न आहे.

त्याचे एक कारण यंत्र. लाकूड कोरणारी संगणकचलित यंत्रे आली आणि दांड्याची गोलाई, पिकअपचे खड्डे, स्क्रूंची भोके ही कामे केसाच्या अंतराने बिनचूक होऊ लागली. अशी यंत्रे अमेरिकेतल्या नामांकित कारखान्यांत आहेत आणि इंडोनेशियातही आहेत. यंत्राला आपण कोणत्या देशात उभे आहोत हे ठाऊक नसते. माझ्या तिन्ही गिटारींचे दांडे काढून मी कॅलिपरने मोजले. खाचेतला फरक मोजण्यासारखा होता, पण ऐकण्यासारखा नव्हता.

दुसरे कारण मजुरी. सत्तरच्या दशकात जपानी नकला इतक्या सरस होऊ लागल्या की १९८२ साली फेंडरने स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केले आणि स्क्वायर हे धाकटे नाव काढले. १९८७ साली मेक्सिकोत एन्सेनाडाला कारखाना निघाला. गिब्सनने १९५७ साली विकत घेतलेले एपिफोन हे नाव आज मुख्यतः आशियात बनणाऱ्या, खिशाला परवडणाऱ्या गिटारींवर दिसते. जपानची मजुरी वाढली तसे काम कोरियाला गेले, कोरियाची वाढली तसे चीन आणि इंडोनेशियाला. कोर्ट ही कोरियन कंपनी कित्येक नामांकित कंपन्यांसाठी गिटारी बनवते. तिने २००७ साली कोरियातले कारखाने बंद केले. काम गेलेल्या कामगारांनी २०१९ साली तडजोड होईपर्यंत लढा दिला. मुलाच्या हातातल्या गिटारीची अडीचशेची चिठ्ठी या सगळ्या वाटेने आलेली असते.

आता माझी तुलना. तिन्ही गिटारींना एकाच जाडीच्या नव्या तारा लावल्या, तारांची उंची सारखी केली, अँप्लिफायर एकच ठेवला. मग चार वाजवणाऱ्या मित्रांना आळीपाळीने भिंतीकडे तोंड करून बसवले आणि वाजते आहे ती कोणती ते ओळखायला सांगितले. आवाज कर्कश, रॉकचा ठेवला तेव्हा सगळ्यांचे अंदाज नाणेफेकीच्या लायकीचे ठरले. आवाज स्वच्छ ठेवून हळुवार वाजवले तेव्हा दोनशेची गिटार पुष्कळदा ओळखू आली, कारण तिचे वरचे स्वर जरा बोथट होते. सातशेची आणि अठराशेची यांत मात्र कोणालाही खात्रीने फरक सांगता आला नाही.

मग प्रयोग उलटा केला. डोळे बांधले, अँप्लिफायर बंद ठेवला आणि गिटार नुसती हातात दिली. चौघांनीही मिनिटभरात महाग कोणती आणि स्वस्त कोणती हे बिनचूक सांगितले. कानाला जे कळले नाही ते बोटांना कळले. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. गिटारीवर जास्त मोजलेला पैसा आवाजापेक्षा स्पर्शात उतरतो, आणि ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला पोचतो.

हा स्पर्श कशाचा? पडद्यांची टोके घासून गोल केली आहेत का, दांड्याच्या कडा मोडून मऊ केल्या आहेत का, सर्व पडदे एका पातळीत आहेत का, याचा. सतारीला जिला अटी म्हणतात तिला गिटारवाले नट म्हणतात. त्या पट्टीतल्या खाचा योग्य खोलीच्या आहेत का, हेही त्यातच आले. खाच उथळ राहिली तर पहिल्या पडद्यावर तार दाबायला जोर लागतो आणि दाबली की स्वर चढतो. यंत्र हे काम नव्वद टक्के करते. उरलेले दहा टक्के माणूस कानस घेऊन करतो आणि त्याला वेळ लागतो. दोनशेच्या गिटारीला तो वेळ परवडत नाही. आपल्या वाचकांना एका शब्दात सांगायचे तर ही गिटारीची जवारी आहे. उत्तम तंबोरा आणा. घोडीवर जवारी नीट लागलेली नसेल तर तो बोलणार नाही. साध्या तंबोऱ्याला जाणत्या हाताने जवारी लावून द्या, तो गाऊ लागेल.

आणि जवारी वेगळी विकत मिळते! दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे मी दोनशेची गिटार नेली. त्याने पडदे समपातळीत आणले, टोके घासली, प्लॅस्टिकच्या जागी हाडाची अटी बसवली, दांड्यातली लोखंडी सळई पिळून बाक ठीक केला. मजुरी सव्वाशे डॉलर झाली. त्यानंतर डोळे बांधण्याचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा चारांपैकी दोघांनी तिला मधली समजून बाजूला ठेवले. म्हणजे दोनशे आणि सातशे यांतले बरेचसे अंतर सव्वाशेत भरून निघाले.

पण सगळे नाही, हेही सांगायला हवे. खुंट्या ढिल्या होत्या. तार ओढून मींड घेतली की स्वर उतरत असे. आवाजाची कळ फिरवताना खरखर येई. या वस्तू बदलता येतात, पण बदलत गेले की दोनशेचे चारशे होतात, आणि विकायला काढली तर पुन्हा शंभरच येतात. शिवाय आमच्या हिवाळ्याची परीक्षा असते. जानेवारीत फर्नेस चालू झाली की घरातली हवा कोरडी पडते. लाकूड आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि पडद्यांची टोके कडेबाहेर येऊन करवतीसारखी हाताला लागतात. कमी वाळवलेल्या लाकडाला हा त्रास जास्त. माझी अठराशेची गिटार दरवर्षी ही परीक्षा मुकाट्याने पास होते, सातशेची काठावर पास होते. पहिलीसाठी मी खोलीत पाण्याचे यंत्र लावतो, आणि त्याचा फायदा माझ्या पेटीलाही होतो.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर आपल्याला जवळची एक गोष्ट सांगतो. महाग गिटारींच्या दांड्यावर बोटांखाली जी काळसर पट्टी असते ती पुष्कळदा भारतीय शिसवीची असते; आजीचा पलंग ज्याचा होता तीच ही शिसव. २०१७ साली आंतरराष्ट्रीय करारानुसार शिसवीच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर कागदपत्रांचे बंधन आले, आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. दरम्यान स्वस्त गिटारींवर दुसरी लाकडे आली. त्यांतल्या एकाचे दुकानी नाव 'इंडियन लॉरेल', म्हणजे आपला ऐन. अठराशेच्या गिटारीवर शिसव, अडीचशेच्या गिटारीवर ऐन, आणि सह्याद्रीच्या रानात ही दोन्ही झाडे भेटतात. ऐनाची पट्टी रंगाने जरा फिकी असते आणि अधूनमधून तेल मागते. आवाजात मला तरी फरक सापडला नाही.

या विषयावर दोन ठाम पक्ष आहेत. एक म्हणतो, "जसे पैसे तसा माल." दुसरा म्हणतो, "सगळे नावाचे पैसे." पहिल्याला उत्तर वर आलेच आहे: दोनशे ते सातशे या टप्प्यात वाढत्या पैशाबरोबर माल खरोखर सुधारतो, पण पुढच्या अकराशे डॉलरमध्ये तो हिशेब फार सावकाश चालतो. दुसऱ्या पक्षाचे बोलणे मात्र मला जास्त खटकते, आणि ते विशेषतः आपण बोलू नये असे वाटते.

सातशे आणि अठराशे यांतल्या अंतरात नावाचे पैसे आहेतच, पण त्याहून मोठा वाटा जागेचा आहे. अमेरिकेतल्या कारागिराला इथले घरभाडे आहे, इथला आरोग्य विमा आहे, त्याच्या मुलांनाही ब्रेसेस लागतात. तो पडदे घासतो तेव्हा इंडोनेशियातल्या कारागिरापेक्षा सातपट चांगले घासत नाही, आणि तरी पगार कितीतरी पटींनी घेतो. आता आपण आपल्याकडे पाहू. माझ्याच कंपनीचे पुण्यात ऑफिस आहे. तिथला इंजिनिअर माझेच सॉफ्टवेअर वापरतो, माझ्याच ड्रॉइंगवर काम करतो, आणि पुष्कळदा माझ्या चुका तोच पकडतो. आमच्या पगारांची तुलना केली तर तीत हुन्नराचा वाटा किती आणि पत्त्याचा किती? विमानाचे एक तिकीट काढून आपण सर्वांनी आपली स्वतःची चिठ्ठी बदलून घेतली आहे. 'मेड इन इंडोनेशिया' वाचून नाक मुरडणारा आपला माणूस पाहिला की मला अस्वस्थ वाटते. 'मेड इन यूएसए' म्हणजे नुसती लूट, असे म्हणणारा पाहिला तरी तितकेच वाटते. पहिला पुण्यातल्या आपल्या भावाला कमी लेखतो. दुसरा ज्या फांदीवर बसला आहे तीच कापतो.

म्हणून स्वस्त गिटारीचा न्याय करताना मी तिचा देश बाजूला ठेवतो आणि एकच पाहतो: बनवणाऱ्याला काम पुरे करायला वेळ मिळाला होता की नाही. ज्या गिटारीत तो मिळालेला दिसतो ती, कुठूनही आलेली असो, चांगली गिटार. आशियात बनलेल्या चार-पाचशे डॉलरच्या कितीतरी गिटारी आज या कसोटीला सहज उतरतात. माझ्या तरुणपणी, नव्वदच्या दशकात, त्या किमतीत असा माल पाहिलेला मला आठवत नाही.

महाग गिटारीचे खरे गुण तीन, असे माझे मत झाले आहे. एक म्हणजे भरवसा. स्वस्त गिटारींत एक नग उत्तम निघतो आणि शेजारचा वाकडा निघतो, तर महाग गिटारींत हा जुगार बराच कमी असतो. दुसरा, तिची दुरुस्ती परवडते. वीस वर्षांनी पडदे झिजले तर तीनशे-चारशे खर्चून नवे घालावेसे वाटतात. दोनशेच्या वाद्यावर तेवढा खर्च कोणी करत नाही, ते कचऱ्यात जाते. तिसरा गुण सांगायला अवघड आहे. चांगली गिटार वाजवताना आड येत नाही. दोन तास बसलो तरी तिची आठवण होत नाही, फक्त सुरांची होते. हे सुख मोठे आहे, पण ते उपभोगण्यासाठी आधी दोन तास बसण्याइतकी विद्या हवी.

विद्या जेवढी कमी तेवढी वाद्याची खोट जास्त भोवते, हे मात्र पालकांनी लक्षात ठेवावे. मुरलेला वादक वाकड्या गिटारीतूनही गाणे काढतो, कारण कुठली तार किती दाबायची हे त्याला ठाऊक असते. बारा वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नसते. तार उंच असली की तिची बोटे दुखतात, खुंटी घसरली की स्वर बेसूर लागतो, आणि दोष गिटारीचा आहे हे तिला कळायला मार्ग नसतो. आपल्याला हे जमत नाही, आपल्याला कान नाही, असे ती धरून बसते आणि तीन महिन्यांत गिटार कोपऱ्यात जाते. अशी दोन-तीन मुले मी पाहिली आहेत. त्यांची गिटार घेऊन नुसती जवारी नीट करून दिली तेव्हा त्यांतल्या एकीने पुन्हा वाजवायला घेतले. बाकीची तोवर निघून गेली होती. म्हणून डब्यातून काढून तशीच हातात दिलेली दीडशे डॉलरची गिटार माझ्या मते सगळ्यांत महाग.

तर माझा सल्ला असा. शिकणाऱ्यासाठी अडीचशे ते चारशेची गिटार घ्यावी, आणि शंभर-सव्वाशे डॉलर कारागिरासाठी आधीच बाजूला ठेवावेत. अँप्लिफायर गिटारीबरोबर फुकट मिळणारा घेऊ नये. त्यावर दीड-दोनशे खर्च करावेत, कारण ते अर्धे वाद्य आहे. उरलेले सगळे पैसे शिक्षकाला द्यावेत. तीन वर्षांनी मूल अजून वाजवत असेल तर सात-आठशेची घ्यावी, आणि ती त्याला स्वतःला निवडू द्यावी, शक्यतो चिठ्ठी न पाहता. अठराशेची गिटार मुलाला बक्षीस म्हणून देऊ नये. ज्याला तिच्यात काय आहे हे हाताला कळते, त्याने ती स्वतःच्या कमाईने आणि मोकळ्या मनाने घ्यावी.

घेताना वाद्य उलटे करून दांड्याच्या मागे कोणत्या देशाचे नाव आहे ते जरूर वाचावे. पण ते गिटारीची लायकी ठरवण्यासाठी वाचू नये. ज्याने ती घासूनपुसून आपल्यापर्यंत पोचवली तो माणूस कुठे राहतो, एवढेच त्यावरून कळते. त्याच्या हाताची पारख पाहिजे असेल तर पडद्यांच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहावा.